फळ्यावरचं जास्तीचं हत्यार

मंगळवारी सकाळी कलसोम नारळ खवायला बसली आणि तिचं लक्ष भिंतीवरच्या डावाकडे गेलं. डाव तिचाच होता, खिळाही तिचाच. पण डावाच्या भोवती तांबड्या रंगाची रेघ ओढलेली होती, बरोब्बर डावाच्या आकाराची. शेजारी झाऱ्याभोवती तशीच रेघ. चिमट्याभोवती, अडकित्त्याभोवती, कढईच्या झाकणाभोवतीसुद्धा. तिने बोट लावून पाहिलं तर रंग बोटाला आला.

"आबांग!" तिने फळ्यांच्या जमिनीतल्या फटीतून खाली नवऱ्याला हाक मारली.

"हात लावू नकोस," खालून नवऱ्याचा आवाज आला. "दुपारपर्यंत सुकेल."

"माझ्या स्वयंपाकघरात हे काय केलंत तुम्ही?"

"शिस्त आणली. काल झारा शोधायला तुला किती वेळ लागला, मोजलाय मी."

खवणीवर नारळाची वाटी जरा जास्तच जोरात फिरली, एवढंच. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्यावर फार वेळा रागावली नव्हती, पण रागावली की गप्प बसायची. नवरा अजून हे शिकला नव्हता.

नवऱ्याचं नाव सिदेक. आईवडिलांचा तिसरा मुलगा म्हणून आलांग, आणि वयाच्या मानाने पाक आलांग; त्याची बायको म्हणून कलसोम माक आलांग. बातू गाजा गावाच्या पलीकडे कथिलाच्या खाणीत कंपनीचा चार नंबरचा ड्रेजर होता. चिखलाच्या तळ्यात तरंगत साखळीवरच्या बादल्यांनी गाळ उपसणारं, चार मजली घराएवढं धूड. त्याच्यावर पाक आलांगने चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. कथिलाचा भाव कोसळला, कंपनीने ड्रेजर बंद केला, माणसं घरी बसली. बाकीच्यांनी कोंबड्या पाळल्या, नातवंडं सांभाळली. पाक आलांगने घराच्या खाली वर्कशॉप काढलं.

घर खांबांवर उभं होतं, खाली डोकं न आपटता चालता येईल एवढी उंची होती. पूर्वी तिथे लाकूडफाटा आणि सायकल असायची. आता तिथे वर्कबेंच होतं. बेंचवर वस्तू घट्ट पकडून ठेवणारा, माणसाच्या डोक्याएवढा जुना इंग्रजी व्हाइस होता. त्या व्हाइसची खरेदी कलसोमने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, कारण त्या दिवशी ती बाजाराच्या पिशव्या घेऊन भंगारवाल्या लिओंगच्या अंगणात छत्रीखाली बसली होती.

पाक आलांगची रीत ठरलेली. जे हवं असेल त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्याने अर्धा तास एका फुटक्या पंपाचा भाव केला, पंपाला नावं ठेवली, लिओंगशी भांडला, फाटकापर्यंत गेला आणि तिथून मागे वळून म्हणाला, "तो लोखंडाचा ठोकळा कसा दिलास? शेळी बांधायला बरा आहे."

लिओंग सत्तरीचा, बनियनवर, कानामागे पेन्सिल. तो म्हणाला, "पाक आलांग, तुझी शेळी मागच्या वर्षी मेली. तूच सांगितलंस."

"नवी घेतोय."

"मग शेळीलाच पाठव. तिला फुकट देतो. तुला ऐंशी रिंगिट."

तासाभराने पंचेचाळीस रिंगिट आणि घरच्या झाडाच्या रांबुतान फळांची एक टोपली यावर सौदा ठरला. पाक आलांग परतीच्या वाटेवर सायकल ढकलत गाणं गुणगुणत होता. कलसोमने मागे वळून पाहिलं तर लिओंगही गुणगुणत होता.

असं दर आठवड्याला चालायचं. बिनदांड्याच्या कानशी, दात गेलेल्या करवती, गंजून एकमेकांना चिकटलेले पाने घरी यायचे, रॉकेलमध्ये रात्रंदिवस भिजायचे आणि नव्यासारखे होऊन बाहेर पडायचे. ते सगळं टांगायला शाळेने टाकून दिलेला एक फळा मिळाला. पाक आलांगने त्याला पांढरा रंग दिला, एकेक हत्यार त्यावर ठेवून भोवती तांबडी रेघ ओढली आणि रेघेच्या आत खिळा मारला. ड्रेजरवर असंच असायचं म्हणे. कुठलं हत्यार जागेवर नाही ते शंभर पावलांवरून कळायचं.

इथवर ठीक होतं. पण वर्कशॉप चारी बाजूंनी उघडं, आणि नदीकडे जायची वाट फळ्यासमोरून. कुणी हत्यार उसनं नेलं की पाक आलांग रिकाम्या रेघेत निळ्या खडूने नाव लिहायचा. 'योप नोर्दिन, चौदा तारखेपासून.' येणारे-जाणारे वाचायचे. शेजारच्या योप नोर्दिनने रंधा त्याच दिवशी परत आणून दिला. मशिदीच्या इमामांनी दोन वर्षांपूर्वी नेलेली पकड आणून दिली, तीही नमाजाच्या आधी. पाक आलांगला या रेघांची गोडी लागली ती अशी. आणि आता रेघा जिना चढून वर आल्या होत्या.

बुधवारी त्याने स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "चिमटा उलटा टांगलाय."

गुरुवारी म्हणाला, "खलबत्त्याची जागा मी ठरवलीय. चुलीपासून दोन हात."

शुक्रवारी तो काळी टोपी घालून जुम्म्याच्या नमाजाला गेला. सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कलसोम जिन्यात उभी राहिली. मग तिने भिंतीवरून डाव आणि अडकित्ता काढला आणि खाली उतरली.

रंगाचा डबा शोधावा लागला नाही. डब्यालाही रेघ होती. फळ्यावर मोठा पाइप पाना आणि कॅलिपर यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी होती. तिने तिथे डाव धरला आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवला. त्याच्यावर अडकित्ता ठेवून त्याचं पोट काढलं. आता वरचा भाग उरला. वर काय काढावं ते तिला सुचेना. शेवटी मनानेच एक तुरा काढला, तीन टोकांचा, जरासा पुढे झुकलेला; मधलं टोक तेवढं चुकून वाकडं गेलं. दोन पावलं मागे जाऊन तिने पाहिलं. इतकं खरं वाटत होतं की क्षणभर तिलाच कळेना, हे हत्यार गेलं कुठे. मधोमध एक खिळाही तिने ठोकला. मग ब्रश रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि त्याच्या रेघेत परत टांगला.

दुपारी तिने आंबवलेल्या दुरियन फळाच्या गरातला मासा केला. पाक आलांग तीनदा भात घेऊन जेवला आणि उन्हं उतरेपर्यंत घोरला. तोवर रंग खडखडीत सुकला होता. कलसोमने त्यावर चुलीतली राख हलक्या हाताने चोळली, म्हणजे रेघ जुनी दिसावी.

शनिवार हा हत्यारांना तेल द्यायचा दिवस. डावीकडून सुरुवात, उजवीकडे शेवट. कलसोम वर कांदे चिरत होती आणि फटीतून तिला नवऱ्याचं टक्कल सरकताना दिसत होतं. पाइप पान्याशी ते थांबलं. आठ कांदे चिरून झाले तरी टक्कल हललं नाही.

"सोम!"

"काय हो?"

"खाली कोणी आलं होतं?"

"मांजर आलं होतं. का? काही गेलंय?"

"हो."

"काय गेलं?"

खाली फळ्यावरचे पाने खणखणले. मग आवाज आला, "हत्यार."

"कुठलं?"

"तुला नाव सांगून कळणार आहे का?"

कलसोमने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. कांद्यामुळे डोळ्यांत पाणी होतंच, ते उपयोगी पडलं.

जेवताना तिने पुन्हा विचारलं. अगदी काळजीने. पाक आलांगने भाताकडे बघत सांगितलं, "खेचणी. रिव्हेटची खेचणी."

"महागाची होती?"

"आता मिळत नाही तसली."

"मग बरोबर," कलसोम म्हणाली आणि त्याला आणखी एक माशाचा तुकडा वाढला.

त्याने रेघेवर कागद धरून आकार उतरवून घेतला आणि गावभर फिरला. फळ्यावरच्या रिकाम्या जागेत खडूने प्रश्नचिन्ह काढलं. नावापेक्षा त्या चिन्हाने जास्त घोटाळा केला. नदीवर जाणारा प्रत्येक जण प्रश्नचिन्हाकडे बघून मागच्या दोन वर्षांचा हिशेब मनात करायचा. बायका घरी जाऊन नवऱ्यांना विचारायच्या, "तुम्ही नाही ना आणलंत?" दोन दिवसांत पाक आलांगच्या जिन्यात एक कुदळ, एक शिडी आणि एक सायकलचा पंप कुणीतरी न बोलता आणून ठेवला. त्यातली शिडी तर त्याची नव्हतीच.

सोमवारी योप नोर्दिन मागच्या दाराने आला. तो शाळेचा निवृत्त शिपाई, फळाही त्यानेच मिळवून दिलेला. घाबरला की त्याचा वरचा ओठ घामेजायचा.

"माक आलांग, खरं सांगा. ते माझ्याकडून हरवलंय का?"

"मला काय ठाऊक, योप? तुम्हाला आठवत नाही?"

"मी आलांगकडून काय काय नेलं याचा माझा मलाच पत्ता नाही. मागच्या वर्षी तळ्यात पाइप बसवताना हातातून काहीतरी पाण्यात पडलं होतं. मी म्हटलं, दगड असेल."

"दगड कोण हातात धरतं?"

"तेच ना!" नोर्दिनने कपाळाला हात लावला. "तुरा होता त्याला. आता आठवतंय. बोटाला टोचला होता."

कलसोमच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण तिचं मोठं पातेलं ईदपासून नोर्दिनच्या घरी होतं आणि त्याबद्दल त्याला काही टोचल्याचं दिसत नव्हतं. ती म्हणाली, "बघा बाई आता तुम्हीच," आणि चुलीकडे वळली.

इतके दिवस तिला मजा वाटत होती. बुधवारी ती संपली.

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर पाक आलांग जिन्याच्या खालच्या पायरीवर डोळे मिटून बसला होता. ओठ हलत होते. कलसोमला वाटलं, जप चाललाय. जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"...आठ नंबरचा पाना, दहा, बारा, चौदा. छन्नी मोठी, छन्नी लहान. गुण्या. पाइप पाना. आणि मग... आणि मग..." तो थांबला, मान हलवली आणि पुन्हा सुरू झाला. "हातोडी. गोल हातोडी. आठ नंबरचा पाना..."

ती तिथेच उभी राहिली. पाक आलांगचा थोरला भाऊ शेवटची तीन वर्षं याच घरात होता. आधी तो वस्तूंची नावं विसरला. छत्रीला म्हणायचा, 'ते पाण्याचं.' मग माणसांची विसरला. अखेरीला रोज सकाळी धाकट्या भावाला विचारायचा, "तुम्ही कुठले?" आणि पाक आलांग रोज आपलं नाव, गाव, वडिलांचं नाव नीट सांगायचा.

"काय करताय?" तिने विचारलं.

"काही नाही. डास फार झालेत," तो म्हणाला आणि उठून गेला.

तिने ठरवलं, उद्या सकाळी सांगून टाकायचं. केळ्याची भजी करायची, कॉफीत साखर जास्त घालायची. गरम भजी समोर असली की माणूस निम्माच रागावतो.

सकाळी ती भज्यांची बशी घेऊन खाली उतरली तेव्हा पाक आलांग फळ्यासमोर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. प्रश्नचिन्ह पुसलेलं होतं. तांबड्या रेघेच्या आत, बरोब्बर रेघेला रेघ लावून, एक लोखंडी हत्यार टांगलेलं होतं.

कलसोमच्या हातातली बशी कलंडली. दोन भजी खाली पडली, ती मांजराने नेली.

"मिळालं!" पाक आलांग ओरडला. "कोणीतरी गुपचूप आणून ठेवलं. बघ, सोम! बघ ना!"

त्याने ते काढून तिच्या हातात दिलं. थंड, जड, तेल लावलेलं लोखंड. खाली तिच्या डावाचा दांडा. मध्ये तिच्या अडकित्त्याचं पोट. आणि वर तो तुरा, तीन टोकांचा, जरासा पुढे झुकलेला, तिच्याच हातून चुकला होता तिथे तसाच चुकलेला.

"हे... हेच का ते?"

"म्हणजे काय! चार नंबरवर हे नसतं तर आम्ही मेलो असतो."

त्याचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. बशीतलं भजं उचलून त्याने तिच्याच तोंडात घातलं. अशा माणसाला काय सांगायचं आणि कसं?

भजी संपताच तिने नोर्दिनला त्याच्या केळीच्या बागेत गाठलं. नोर्दिनने फार वेळ तग धरला नाही. आलांगकडून मागितलेला कागद घेऊन तो लिओंगकडे गेला होता. लिओंगने कागद सरळ धरला, उलटा धरला, कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि म्हणाला, "हे होय! आहे ना. मागच्या शेडमध्ये आहे. उद्या ये."

"आणि दुसऱ्या दिवशी दिलं?"

"दिलं. हाताला जरा कोमट लागलं. म्हणाला, उन्हात पडलं होतं." नोर्दिनने आवाज खाली आणला. "पंचवीस रिंगिट घेतले माक आलांग, आणि वर कोंबडा. आलांगला सांगू नका. मी हरवलं ते मीच भरून दिलं."

कलसोमने लिओंगच्या अंगणात लॉरीच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा ढीग पाहिलेला होता. तिला सगळं समजलं: लिओंगने त्यातलीच एक पट्टी तापवून रातोरात हे घडवलं होतं. एका नसलेल्या हत्याराबद्दल आता चार माणसं खोटं बोलत होती, आणि सुरुवात करणारी तीच होती.

"पातेलं तेवढं आणून द्या," ती म्हणाली आणि घरी आली.

पुढचे आठ दिवस पाक आलांगने ते हत्यार हातातून खाली ठेवलं नाही. त्याने खिळे उपटले. चुलीवरून तापलेलं पातेलं उचलून दाखवलं. दुरियन त्याने इतका सुरेख फोडला की नोर्दिनने टाळ्या वाजवल्या. जो येईल त्याला तो चार नंबरच्या ड्रेजरची हकीकत सांगायचा. पहिल्या दिवशी साखळीत एक दगड अडकला होता. चौथ्या दिवशी ओंडका अडकला होता आणि पूर आलेला होता. सातव्या दिवशी पुरात कंपनीचा इंग्रज साहेब गळ्यापर्यंत बुडालेला होता आणि पाक आलांग हातात खेचणी घेऊन पाण्यात उतरत होता. स्वयंपाकघराकडे बघायला त्याला वेळच उरला नाही. कलसोमने एका दुपारी सुरीने भिंतीवरच्या सगळ्या रेघा खरवडून काढल्या, चिमटा उलटा टांगला, तरी त्याला पत्ता नाही.

नवव्या दिवशी तो कानस आणायला लिओंगकडे गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सायकल आडवी टाकली आणि जिन्यात बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय झालं, आबांग?"

"लिओंगच्या दुकानात सहा आहेत."

"काय सहा?"

"तीच. समोरच टांगलीत. पुठ्ठ्यावर लिहिलंय, ड्रेजरचं अस्सल इंग्रजी हत्यार, शेवटची सहा." त्याने टोपीची शिवण बोटाने चाचपली. "सोम, मला ते हत्यार माहीत नाही."

कलसोम त्याच्या शेजारी बसली.

"खेचणी वगैरे काही नाही. ते नाव मी बनवलं. साहेब बुडाला नव्हता, पूरही आला नव्हता. मी ते आयुष्यात कधी पाहिलंच नाही असं वाटतं. पण फळ्यावर रेघ आहे, ती मी काढलेली आहे. नोर्दिनला आठवतं. लिओंगकडे सहा आहेत. सगळ्यांना माहीत आहे, मलाच तेवढं..." त्याने टोपी मांडीवर उलटी केली. "भावाचंही असंच सुरू झालं होतं. तुला आठवतं ना?"

कलसोम उठली, वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या एका हातात डाव होता आणि दुसऱ्या हातात अडकित्ता. तिने फळ्यावरून ते हत्यार काढलं आणि त्याच्यासमोर पायरीवर ठेवलं. त्याच्यावर डावाचा दांडा ठेवला. तंतोतंत बसला. मग अडकित्ता ठेवला. तोही बसला.

पाक आलांगने तुऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा?"

"तो मनाने काढला."

"तू?"

"मी. तुम्ही नमाजाला गेला होतात तेव्हा. माझ्या भिंतीवर रेघा ओढल्या होत्यात तुम्ही."

"म्हणजे मी विसरलो नाही."

"नाही."

"असं हत्यार नाहीच."

"आता आहे," कलसोम हळूच म्हणाली. "सात आहेत."

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा बघून तिने अडकित्ता उचलून बाजूला ठेवला. तो म्हणाला, "मला इतके दिवस झोप नाही, सोम."

"चुकलं माझं. माफ करा. तुम्ही पायरीवर बसून मोजत होतात त्याच दिवशी सांगायला हवं होतं. भजी करून सांगणार होते."

"भजी करून?"

"हो."

तो उठला आणि नदीच्या वाटेने निघून गेला. कलसोमने भात टाकला, आमटी टाकली, दोन्हीत मीठ घालायला विसरली. सूर्य मावळायला तो परत आला, सारोंगचा काठ भिजलेला, आणि वर न येता खालीच बसला. थोड्या वेळाने फटीतून एक आवाज यायला लागला. दबलेला, अडकत अडकत येणारा. तिने जमिनीवर आडवं होऊन फटीला डोळा लावला. पाक आलांग बेंचवर डोकं टेकून, टोपी तोंडात धरून हसत होता. सगळं अंग हलत होतं. टोपी जराशी सुटली की एकच शब्द बाहेर यायचा, "तुरा! तुरा!"

"लिओंगने चूकसुद्धा तशीच केली," कलसोम फटीतून म्हणाली.

"वर ओढ मला," तो म्हणाला. "पोटात दुखतंय."

त्यांनी ठरवलं की कुणाला काही सांगायचं नाही. नोर्दिनला कोंबडा गेल्याचं दुःख झालं असतं आणि लिओंगचा धंदा बसला असता.

रविवारी सकाळी दोन पाहुणे आले. हाजी कासिम, म्हणजे चार नंबरचे जुने फोरमन, आता काठी घेऊन चालणारे. आणि सिन्नप्पन, ज्याने ड्रेजरवर पंचवीस वर्षं दोर ओढणारं विंच चालवलं. दोघांच्याही काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बेंचवर कागद उलगडले तर दोन तुरे.

"लिओंगकडे शेवटची दोनच राहिली होती," हाजी कासिम म्हणाले. "म्हटलं, आपल्या ड्रेजरची आठवण. कुणा परक्याच्या हाती कशाला जाऊ द्यायची?"

"मीही तेच म्हटलं," सिन्नप्पन म्हणाला.

"आलांग, तुझ्याकडे तर मूळचंच आहे म्हणे," हाजी म्हणाले.

"आहे," पाक आलांग म्हणाला आणि फळ्यावरून काढून मध्ये ठेवलं. तिन्ही हत्यारं शेजारी शेजारी पडली. कलसोम कॉफीचा ट्रे घेऊन आली. बसू की जाऊ असं तिला झालं. ती बसली.

"बादल्यांच्या पिना काढायला वापरायचो आपण," हाजी कासिम ठासून म्हणाले. "रोज सकाळी मी स्वतः मोजून द्यायचो."

"पिना?" सिन्नप्पनने मान हलवली. "हाजी, रागावू नका, पण हे विंचचं आहे. दोराला गाठ बसली की हे घालून सोडवायचं. माझ्या तळहाताला अजून घट्टा आहे." त्याने तळहात दाखवला. घट्टा होता.

"विंच माझ्या हाताखाली होतं, सिन्नप्पन."

"माझ्या हातात होतं, हाजी."

दोघांनी पाक आलांगकडे पाहिलं. पाक आलांगने हत्यार उचललं, उन्हात फिरवलं, एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली. कलसोमने ट्रेची कड घट्ट धरली.

"दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "हा भाग पिनेचा. हे पोट गाठीचं. इंग्रज एकाच हत्यारात दोन कामं करून घ्यायचा."

"मी म्हटलं ना!" हाजी म्हणाले.

"मीही म्हटलं," सिन्नप्पन म्हणाला. मग त्याने तुऱ्यावर अंगठा फिरवला. "आणि हा वरचा भाग कशाचा रे? एवढंच जरा डोक्यातून गेलंय."

पाक आलांगचे ओठ थरथरले. तो म्हणाला, "ते सोमला विचार. तिला मी सगळं सांगितलंय."

दोन्ही म्हातारे तिच्याकडे वळले. कलसोमने कॉफी ओतायला सुरुवात केली, म्हणजे मान खाली घालता आली.

"साहेबाची टोपी अडकवायला," ती म्हणाली.

सिन्नप्पनने मांडीवर थाप मारली. "बरोबर! टोपी!"

"पांढरी," हाजी कासिम सावकाश म्हणाले. त्यांची नजर दूर लागली होती. "वरच्या मजल्यावर, पंपाशेजारी टांगलेली असायची."

पाक आलांग एकदम उठला. साखर आणतो म्हणाला आणि जिन्याकडे धावला. साखर ट्रेमध्येच होती. वरच्या फळ्यांवर कुणीतरी धपकन बसल्याचा आवाज आला. कलसोमने तिसरा पेला भरला, बशी सिन्नप्पनपुढे सरकवली आणि अगदी शांतपणे विचारलं,

"टोपीला फीत होती ना हो? कुठल्या रंगाची?"

"निळी," सिन्नप्पन म्हणाला. "मी स्वतः पाहिलीय."